मापाचा गळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी अमरावतीच्या इतवारा बाजारात एका दुकानासमोर उभा होतो. सुतळी, दोरखंड, जाळ्याचा धागा, शिशाच्या गोळ्या असं सामान विकणारं दुकान. माझ्या आधी एक तरुण आलेला होता. हातात नवी कोरी काठी. दुकानदाराला म्हणाला, "मोठा मासा धरायचा आहे. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा गळ द्या." दुकानदारानं करंगळीएवढा गळ काढून काउंटरवर ठेवला. मला राहवलं नाही. विचारलं, "बेटा, कोणता मासा धरणार?" तो म्हणाला, "रोहू. अप्पर वर्ध्याला पाच-पाच किलोचा निघतो म्हणतात, चाचा." मी म्हटलं, "पाच किलोच्या रोहूचं तोंड कधी पाहिलंस का?" तो माझ्याकडे बघतच राहिला.

त्या मुलाचा काही दोष नव्हता. मोठ्या माशाला मोठा गळ आणि लहान माशाला लहान, असंच आपण सगळे समजतो. पण गळ माशाच्या वजनावरून निवडायचा नसतो, त्याच्या तोंडावरून निवडायचा असतो. एवढं एक वाक्य ज्याला नीट कळलं, त्याला गळाची निम्मी विद्या आली. उरलेली निम्मी मी लहानपणी एक चूक करून शिकलो. ती गोष्ट शेवटी सांगणार आहे.

आधी नावाकडे पाहू. प्रमाण मराठीत गळ. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा जसा डोया, तसा गळाचा गय. आमच्या घरात त्याला 'कांटा' म्हणत. कोकणात गळानं मासे धरण्याला 'गरवणे' असं स्वतंत्र क्रियापदच आहे. संस्कृतात गळाला 'बडिश' म्हणतात, आणि सुश्रुतसंहितेत शल्यकर्माची जी वीस शस्त्रं सांगितली आहेत त्यांत बडिश नावाचं एक आकडीसारखं शस्त्र आहे. म्हणजे पाण्यात मासा धरणारी वस्तू वैद्याच्या हातातही गेली. आपण रोज वापरतो तो 'आमिष' हा शब्दही इथलाच. आमिष म्हणजे मूळ अर्थानं मांस. म्हणून तर आपण सामिष आणि निरामिष जेवण म्हणतो. गळाला लावलेला मांसाचा तुकडा होता होता कुठल्याही लालचीचं नाव झाला.

ही वस्तू माणसाच्या फार जुन्या सोबत्यांपैकी एक आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत समुद्री गोगलगाईच्या शंखापासून घासून केलेले गळ मिळाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते सुमारे तेवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शेती नव्हती, भांडं नव्हतं, पण गळ होता. आपल्याकडे हडप्पा संस्कृतीच्या वसाहतींत तांब्याचे गळ सापडले आहेत. आजच्या गळाशेजारी ठेवले तर ओळखू यावेत असे.

मराठी मुलखाला लागून असलेल्या कल्याणीची, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणची गोष्ट तर आवर्जून सांगायला हवी. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय खावं, काय ऐकावं, कसं खेळावं, असे शेकडो विषय त्यात आहेत. त्यात 'मत्स्यविनोद' असं एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणत्या माशाला कोणता चारा, दोर आणि काठी कशी हवी, लागलेला मासा खेळवत कसा आणावा, हे सारं त्यात येतं. भारतीय मत्स्यशास्त्राचे मोठे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते जगापुढे आणलं. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या राजालाही मासे ओळखल्याशिवाय गळ टाकता येत नव्हता.

आता वस्तू हातात घेऊन पाहू. गळाचे पाच भाग लक्षात ठेवायचे. दोरी बांधायचं भोक तो डोळा. त्याखालची सरळ तार ती दांडी. मग वळण, त्याला वाक म्हणू. मग टोक. आणि टोकाच्या आत उलट दिशेनं काढलेला बारीक तासलेला भाग तो काटा. तो मासा सुटू देत नाही. काही गळांना डोळा नसतो, वरचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं. आमच्या लहानपणी खेड्यात तेच जास्त दिसत. त्यांना दोरी बांधायला सरावाचा हात लागतो. नवशिक्यानं डोळ्याचाच गळ घ्यावा. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, डोळ्यातून ओवून गाठ मारली की आवळण्याआधी ती ओली करावी. कोरडी तंगूस आवळताना घासून तापते आणि तिथेच कमजोर होते.

या पाच भागांशिवाय एक सहावी गोष्ट आहे. ती म्हणजे टोक आणि दांडी यांच्यामधली मोकळी जागा. गळाचं खरं काम तिथं चालतं. माशाचा ओठ किंवा जबडा त्या जागेत बसला तर गळ रुततो. लोक कणकेचा एवढा मोठा गोळा लावतात की ती जागाच बुजून जाते. मासा गोळा खाऊन जातो आणि आपण नशिबाला दोष देतो. गळ मोठा असण्यापेक्षा ही जागा मोकळी असणं महत्त्वाचं.

गळाच्या नंबरानं अनेकांचा गोंधळ होतो, कारण हिशेब उलटा आहे. दहा नंबरचा गळ सहा नंबरपेक्षा लहान, सहाचा चारपेक्षा लहान आणि चारचा एकपेक्षा लहान. आकडा वाढला की गळ बारीक होतो. एकच्या पुढे मोठे गळ हवे असतील तर आकड्यापुढे शून्य लावतात. १/०, २/०, ३/० असे. इथे मात्र आकडा वाढला की गळही वाढतो. शिवाय एका कंपनीचा चार नंबर दुसऱ्या कंपनीच्या चार नंबराशी तंतोतंत जुळेलच असं नाही. म्हणून नंबर ऐकून घेऊ नये, गळ तळहातावर ठेवून पाहावा.

नॉर्वेतल्या मस्टॅड कंपनीनं १८७७ सालापासून यंत्रावर गळ बनवायला सुरुवात केली. त्याआधी बहुतेक गळ हातानं वाकवावे लागत. यंत्र आल्यावर गळ स्वस्त झाला आणि जगाच्या कानाकोपऱ्यात पोचला. आपल्या बाजारातही त्या नावाचे गळ मिळतात, आणि साधे बिनानावाचेही मिळतात. बिनानावाचा गळ वाईटच असतो असं नाही, पण तो तपासून घ्यावा. दोन परीक्षा सोप्या आहेत. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढावं. नखात अडलं तर गळ धारदार, घसरून गेलं तर बोथट. दुसरी परीक्षा, टोक लाकडात रोवून दांडी हलकेच ओढावी. सरळ होऊन जाणारा गळ मऊ, काडकन मोडणारा जास्त पाणी दिलेला. चांगला गळ जरासा लवतो आणि परत जागेवर येतो.

आमच्या भागात आणखी एक पथ्य आहे. पूर्णेच्या काठचा अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. खाऱ्या पाण्यात पोलादी गळ लवकर गंजतो. घरी आल्यावर गळ गोड्या पाण्यानं धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट लावून ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. आमचे अब्बा शिवणयंत्राचं तेल लावत. ओल्या डबीत टाकलेला गळ आठवड्यात काळा पडतो.

आता तोंडांकडे येऊ. आपल्या तळ्यांत आणि धरणांत रोहू, कटला आणि मृगळ हे तिघे सगळ्यांच्या ओळखीचे. तिघांच्याही जबड्याला दात नसतात. असतात ते आत घशात. त्यामुळे हे मासे चावत नाहीत, चोखतात. रोहूचं तोंड अंगाच्या मानानं लहान, ओठ जाड आणि झालरीसारखे. तो पाण्याच्या मधल्या थरात चरतो. पाच किलोच्या रोहूलाही चार ते सहा नंबरचा लहान, मजबूत गळ पुरतो. मृगळ तळाशी चरतो, त्याचं तोंड खाली वळलेलं, त्यालाही तेच माप. त्याचं आमिष तळावर टेकलेलं हवं. कटल्याचं डोकं मोठं, तोंड रुंद आणि वर वळलेलं. तो वरच्या थरात चरतो. त्याला एक नंबर किंवा १/० चालतो. या तिघांना मांस नको, कणीक हवी. आमच्याकडे कणकेत भाजलेली शेंगदाण्याची ढेप मिसळतात. गोळा गळाच्या वाकावर बसवायचा, टोक किंचित उघडं ठेवायचं.

चिलापी आता सगळीकडे झाली आहे. तिचं तोंड इवलंसं. आठ किंवा दहा नंबर आणि गांडुळाचा तुकडा पुरे. वाम सापासारखी लांब, पण तिचं तोंड निमुळतं आणि अरुंद. लांबी पाहून मोठा गळ लावणारा हमखास फसतो. तिला सहा-आठ नंबरचा, लांब दांडीचा गळ बरा, कारण ती आमिष आत घेते आणि लांब दांडी असली की गळ काढायला सोपं जातं. मात्र तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते, हात जपावा. शिंगाळ्याला मिशा असतात. तो अंधारात वासानं आमिष शोधतो. तोंड रुंद, म्हणून १/० ते ३/०. त्याच्या परांतला काटा टोचला की रात्रभर झोप येत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. मरळ ही शिकारी मासळी. जबडा रुंद, हाड कठीण, दात टोकदार. तिला २/० च्या पुढचा जाड तारेचा गळच लागतो. बारीक तार ती सरळ करते.

म्हणजे पाहा, पाच किलोच्या रोहूला लागतो त्यापेक्षा मोठा गळ एका किलोच्या मरळीला लागतो. वजनानं गळ निवडणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

आकारांतही फरक आहे. साधा गळ इंग्रजी 'जे' अक्षरासारखा. मासा ओढू लागला की आपण झटका द्यायचा, तेव्हा तो रुततो. दुसरा प्रकार गोल गळाचा. त्याचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. पाहिलं तर वाटतं, हा कशाला लागणार? पण मासा आमिष गिळून वळला आणि दोरी ताणली गेली की हा गळ घशातून घसरत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. झटका मात्र द्यायचा नाही, नाहीतर तो निसटून येतो. उत्तर प्रशांत महासागरात हॅलिबट नावाचा मोठा मासा धरणाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे गळ स्वीकारले, कारण मासे जास्त लागू लागले. याचा दुसरा फायदा असा की मासा आतून फाटत नाही आणि सोडायचा असेल तर जगतो. तिसरा प्रकार तीन आकड्यांचा. तीन गळ पाठीला पाठ लावून जोडलेले. तो कुठूनही रुततो. लहान मुलांच्या हातात तो कधीही देऊ नये. असं मी का म्हणतो, ते आता सांगतो.

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. दर्यापूरच्या दक्षिणेला, पूर्णेच्या काठी आमचं गाव. नदीच्या डोहाजवळ एक म्हातारे भोईबुवा राहत. आम्ही पोरं त्यांच्याकडे गळ बांधायला शिकलो. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा पाण्यावर खुणेला लावायचा, तोही त्यांनीच शिकवला. श्रावणातले दिवस होते. डोहाच्या कडेला, लव्हाळ्याजवळ पाण्यावर एक लालसर ढग दिसला. जवळून पाहिलं तर शेकडो बारीक पिल्लं एकत्र वरखाली होत होती. आणि त्यांच्या खाली एक लांब काळी सावली. मरळ. माझ्या छातीत धडधडू लागलं. मी तीन मोठे गळ एकत्र बांधले, त्यांना बेडूक लावला आणि त्या लाल ढगाच्या अगदी मधोमध टाकला. क्षणही गेला नाही. मासा असा तुटून पडला की काठी हातातून जाता जाता राहिली.

हातभर लांब मासा खांद्यावर टाकून मी मिरवत भोईबुवांच्या झोपडीपुढे गेलो. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. बुवांनी मासा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठी भेटला?" मी जागा सांगितली. ते उठून डोहाकडे चालू लागले, मी मागोमाग. तो लाल ढग आता विस्कटला होता. एरवी फिरकत नसलेले मासे त्यात घुसून पाणी उडवत होते. बुवा म्हणाले, "पोट्ट्या, तिले भूक नोयती लागली. तू तिच्या लेकराईत गय टाकला, म्हून ते आंगावर आली. आता याईले कोन पाहीन?" थोड्या वेळानं म्हणाले, "गय टाकाच्या अगुदर मासा पाह्य. अन् मासा काय करून राह्यला, ते बी पाह्य."

पुढे वाचनातून कळलं की बुवांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. मरळीच्या जोडीतले मासे आपल्या पिल्लांची राखण करतात. पिल्लांच्या जवळ येईल त्यावर तुटून पडतात, ते आमिष म्हणून नव्हे, शत्रू म्हणून. राखणदार गेला की पिल्लांचा फडशा पडायला वेळ लागत नाही. त्या रात्री अम्मीनं मासा शिजवला. घरात सगळ्यांनी चवीनं खाल्ला. मला घास उतरला नाही, आणि का उतरत नाही हे कुणाला सांगताही येईना.

जाळ्याला एक वेळ म्हणता येईल की त्याच्यात काय येतं ते त्याच्या हातात नाही. गळाचं तसं नाही. नंबर आपण ठरवतो, आमिष आपण ठरवतो, जागा आणि महिनाही आपणच ठरवतो. म्हणून गळानं झालेल्या नुकसानीला बहाणा नाही. रोहू, कटला, मृगळ हे पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. पोट फुगलेली मादी तेव्हा गळाला लागली तर एका माशाचा नव्हे, पुढच्या सालाचा घास जातो. तो घास पहिल्यांदा कुणाच्या ताटातून जातो? ज्यांचं पोट पाण्यावर आहे त्या भोई आणि ढीवर कुटुंबांच्या. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका त्यांच्या सहकारी संस्थांकडे असतो. छंदासाठी जाणाऱ्यानं त्यांना विचारूनच काठी काढावी. मेळघाटात किंवा काटेपूर्णेसारख्या अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय गळ टाकणं हा तर गुन्हाच आहे.

लहान मासा लागला तर सोडायला शिकावं. हात ओले करून धरावा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तो नंतर मरतो. गळ खोल गिळला असेल तर ओढू नये, तोंडाजवळ तंगूस कापून सोडून द्यावा. ज्याला मासे सोडायचेच आहेत त्यानं पक्कडीनं गळाचा काटा दाबून चपटा करावा. गळ अलगद निघतो. आणि हाच गळ आपल्या बोटात शिरला तर? काटा आत गेला नसेल तर आल्या वाटेनं काढता येतो. काटा आत रुतला असेल तर जोर करू नये, तंगूस कापून, वर कापड बांधून डॉक्टरकडे जावं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं. डोळ्याजवळ लागला असेल तर हातही लावू नये. तुटलेली तंगूस आणि गंजके गळ काठावर टाकून येऊ नयेत. त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात, गुरांच्या तोंडात जातात आणि अनवाणी पोरांच्या पायात रुततात.

इतवाऱ्यातल्या त्या तरुणाला मी हे सगळं काही सांगितलं नाही. दुकानात गर्दी होती. फक्त चार नंबरचे सहा गळ निवडून दिले, नखावर टोक ओढून दाखवलं. त्यानं पैसे दिले आणि विचारलं, "मग चाचा, या रविवारी जाऊ?" मी म्हटलं, "आत्ता नको. आता पाऊस लागेल, मासे अंडी घालायला पुराकडे जातील. दिवाळी झाली की जा." तो जरा हिरमुसला. पण मग त्यानं गळांची पुडी खिशात नीट ठेवली आणि काठी खांद्यावर टाकून निघाला. दिवाळीनंतर तो गेला की नाही, मला माहीत नाही. गेला असेल तर त्याच्या हातात मापाचा गळ असेल, एवढं मात्र नक्की.